सही कोणाची?

आपल्या घरात दिवस गेल्याची खबर आली की तयारी सुरू होते. गोदभराईचा दिवस ठरतो, पहिलं बाळंतपण असेल तर माहेरी कधी पाठवायचं यावर दोन्ही घरांत बोलणी होतात. बाळाच्या कानात अजान कोण देणार, अकीक्याचे बकरे कुठून आणायचे, नाव दादांनी ठेवायचं की नानांनी, इथपर्यंत सगळं ठरतं. पण जिचं बाळंतपण आहे तिला त्याविषयी काय माहीत आहे आणि ऐन वेळी निर्णय घ्यावा लागला तर तो ती घेऊ शकेल का, हे कोणी विचारत नाही. मग रात्री दोन वाजता नर्स कागद घेऊन बाहेर येते. सिझर करावं लागेल, सही कोण करणार? सगळे नवऱ्याला शोधू लागतात. तो भिवंडीला रात्रपाळीवर असतो, नाहीतर आखातात. सासरे म्हणतात, जरा थांबा. आई म्हणते, जावईबापूंना विचारल्याशिवाय आम्ही कसं सांगणार? आत टेबलावरची बाई शुद्धीत आहे, सज्ञान आहे, शिकलेली आहे. तिच्यापुढे मात्र कागद कोणी धरत नाही.

माझं भांडण या सहीवरून आहे आणि ते दोघांशी आहे. ही सही बाईकडून काढून घेणाऱ्या आपल्या घरांशी आहे, तसंच ती दुसऱ्या कोणाकडून तरी उरकून घेणाऱ्या दवाखान्यांशीही आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण आपल्याकडे पुष्कळांची समजूत अशी आहे की नवऱ्याच्या सहीशिवाय ऑपरेशन होतच नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निकाल दिला. त्यात बाईची संमती फक्त तपासणीपुरती होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईला विचारून तिचं गर्भाशय काढण्यात आलं. न्यायालयाने म्हटलं की रुग्ण सज्ञान आहे, निर्णय घ्यायला समर्थ आहे आणि तातडीचा धोका नाही, तेव्हा संमती तिचीच लागते, आईची चालणार नाही. संमती म्हणजे नुसता अंगठा नव्हे, हेही न्यायालयाने सांगितलं. काय करणार, कशासाठी करणार, त्यात धोका कोणता, दुसरा मार्ग आहे का, आणि काहीच केलं नाही तर काय होईल, हे रुग्णाला आधी समजलं पाहिजे. जीव वाचवण्याची घाई असेल आणि रुग्ण सांगण्याच्या स्थितीत नसेल, तर डॉक्टरने कोणाच्या सहीसाठी थांबू नये. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यातही सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी मानली आहे. म्हणजे दवाखाना नवऱ्याची सही मागतो ती स्वतःच्या बचावासाठी. साक्षीदार म्हणून नवऱ्याने खुशाल सही करावी. पण मालक म्हणून ती करायचा हक्क त्याला कोणी दिलेला नाही.

आता आपल्या मोहल्ल्यातल्या दोन पक्षांकडे वळू. पहिला पक्ष म्हणतो, सिझेरियन म्हणजे लूट आहे, आमच्या दादींनी घरात आठ-आठ बाळंतपणं केली. त्या आठांतली किती मुलं जगली आणि शेजारच्या घरातली कोणती बाई नवव्या बाळंतपणात गेली, हे हा पक्ष सांगत नाही. दुसऱ्या पक्षाला वाटतं, जितकं बिल मोठं तितकी काळजी मोठी. मुहूर्त पाहून पोट फाडणाऱ्यांना आपण हसतो, पण शब्बीरभाईंची सुट्टी संपायच्या आत उरकून घ्या म्हणणारे आपल्यातही आहेत. दोन्ही पक्ष बाईच्या शरीरावर बोलतात आणि दोघांनाही बाईला विचारायची गरज वाटत नाही.

पहिल्या पक्षाचा संशय अगदीच निराधार नाही, हे मान्य केलं पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातली ८.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली होती. २०१९-२१ मध्ये हा आकडा २१.५ टक्क्यांवर गेला. महाराष्ट्रात तो २५.४ टक्के होता. त्याच पाहणीत सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के आणि खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसतात. सरकारी दारातून आत गेलेल्या बाईचं गर्भाशय आणि खासगी दारातून गेलेल्या बाईचं गर्भाशय यांत एवढा फरक अल्लाहने ठेवलेला नाही. हा फरक माणसांनी, वेळेच्या आणि पैशाच्या हिशेबाने केलेला आहे. मुंबईच्या सुवर्णा घोष यांनी प्रत्येक दवाखान्याने आपल्या सिझेरियनचं प्रमाण जाहीर करावं म्हणून सह्यांची मोहीम चालवली, ती याचसाठी. आतल्या दबावाविषयी खुद्द डॉक्टरांनीही लिहिलं आहे. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी प्रामाणिक डॉक्टरांच्या मुलाखती घेऊन २०१६ मध्ये इंग्रजीत पुस्तक काढलं. धंद्याचं गणित डॉक्टरकीला कसं पोखरतं ते त्यात डॉक्टरांच्याच तोंडून आलं आहे.

पण संशय खरा असला म्हणून पहिल्या पक्षाचा निष्कर्ष बरोबर ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये १० ते १५ टक्क्यांची मर्यादा सांगितली होती. त्याच संघटनेने २०१५ मध्ये स्पष्ट केलं की १० टक्क्यांच्या वर प्रमाण नेल्याने समाजातले माता-बालकांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत, मात्र ठराविक आकडा गाठण्यापेक्षा ज्या बाईला गरज आहे तिला सिझेरियन मिळणं महत्त्वाचं आहे. वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, मूल आडवं असेल, कळा असूनही वाट अडली असेल, बाळाचे ठोके ढासळत असतील, तर सुरी हाच उपाय आहे. तिथे जो 'जरा थांबा' म्हणतो, तो दोन जीव पणाला लावतो.

मग खरं कारण आणि खोटं कारण ओळखायचं कसं? कळा सुरू झाल्यावर ते ओळखता येत नाही, त्यासाठी आधीचे महिने आहेत. म्हणून मी तपासणीला नुसती तपासणी म्हणत नाही. बाई स्वतःच्या बाळंतपणाची मालकीण होते ती तिथे.

तिसरा महिना संपायच्या आत नाव नोंदवायचं. हिमोग्लोबिन किती, रक्तगट कोणता, ब्लड प्रेशर, साखर, लघवी, हे आकडे तिला स्वतःला तोंडपाठ हवेत. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे धोका. देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांचं रक्त कमी आहे, असं २०१९-२१ ची पाहणी सांगते. त्यात आपल्याकडची सून सगळ्यांना वाढून मग उरलेलं खाते आणि रमजानमध्ये 'लोक काय म्हणतील' म्हणून रोजेही धरते. गरोदर बाईला त्रासाची भीती असेल तर शरीयतने तिला सूट दिली आहे. ती सूट घरच्या बायकांनी तिला मोकळ्या मनाने वापरू दिली पाहिजे.

दवाखान्यातले काही शब्दही तिला आधी कळलेले असावेत. 'नाळ गळ्याभोवती आहे' हे ऐकून घरं हादरतात आणि मुकाट सही करतात. पण चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्याभोवती नाळ असतेच आणि बहुतेक वेळा बाळ सुखरूप बाहेर येतं. ठोके बिघडले आहेत का, हा खरा प्रश्न. 'कळा पुढे जात नाहीत' हे दुसरं वाक्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे प्रसूतीचा वेगाचा टप्पा पिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यावर सुरू होतो. तासाला एक सेंटिमीटर उघडलं नाही, एवढ्याच कारणाने घाई करू नये. 'पहिलं सिझर म्हणजे दुसरंही सिझर' हे तिसरं वाक्य. ते प्रत्येक बाईला लागू नाही. आधीचा छेद कसा आहे आणि रात्री ऑपरेशनची सोय आहे का, हे पाहून काही जणींना दुसऱ्या वेळी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करता येतो. आणि सिझर म्हणजे पोटावरची नुसती रेघ नव्हे. पुढच्या खेपेला वार जुन्या जखमेवर चिकटण्याचा धोका वाढतो. पाच-सहा मुलांची अपेक्षा ठेवणाऱ्या सासरच्या मंडळींनी हे तरी ऐकून घ्यावं.

आता उल्हासनगर कॅम्प १ चं बोलू. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसवले गेले, १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालं, पण शहर अजूनही कॅम्पांच्या नंबरांनीच ओळखलं जातं. इथल्या बाईला बाळंतपणाचा रस्ताही नंबरांनीच मोजावा लागतो. मध्यवर्ती रुग्णालय कॅम्प ३ मध्ये, शासकीय प्रसूतिगृह कॅम्प ४ मध्ये. शहाडहून एक स्टेशन गेलं की कल्याण, तिथे पालिकेचं रुक्मिणीबाई रुग्णालय. केस अवघड झाली की 'कळव्याला न्या'. याशिवाय गल्लोगल्ली नर्सिंग होम. यांपैकी कुठे रात्री भूलतज्ज्ञ असतो, रक्त कुठून येतं, नवजात बाळासाठी सोय कुठे आहे, हे सातव्या महिन्यात जाऊन विचारायचं असतं. आपण ते रिक्षात बसल्यावर रिक्षावाल्याला विचारतो.

हक्काचंही तसंच. जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात प्रसूती मोफत आहे, सिझेरियनही मोफत आहे. औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, आणि नेण्या-आणण्याची गाडीही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला मोफत तपासणी होते. त्याच वर्षी केंद्र सरकारने सरकारी प्रसूतिकक्षात बाईसोबत एका अनुभवी स्त्रीला राहू देण्याच्या सूचना दिल्या. खासगी दवाखान्यांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, असं राज्याचे २०२१ चे दुरुस्त नियम सांगतात. सरकारी दवाखाने या सगळ्याला पुरे पडतात असं मी म्हणत नाही. एका खाटेवर दोघी निजवणं, अंगावर ओरडणं, मध्यरात्री दुसरीकडे पाठवणं, हे चालतं आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण जो हक्क माहीतच नाही, तो मागणार कसा?

माहेरपणाचा मुद्दाही यातच येतो. पहिल्या बाळंतपणाला सून सातव्या महिन्यात कोकणात नाहीतर मराठवाड्यात जाते. तपासण्या इथे झाल्या, बाळंतपण तिथे, आणि फाईल कपाटात. नव्या डॉक्टरसमोर ती कोऱ्या पाटीसारखी उभी राहते. माहेरी जरूर जावं, पण मिठाईच्या आधी फाईल पिशवीत जावी. आणि ती फाईल सासूकडे नको, तिच्या स्वतःच्या हातात हवी.

पडद्याचं कारण पुढे येईल हे मला माहीत आहे. आमच्या बायकांना लेडी डॉक्टरच हवी, असं म्हटलं जातं. मागणी रास्त आहे आणि ती फक्त आपलीही नाही. मुंबईत १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल उभं राहिलं ते बायकांवर बायकांनीच उपचार करावेत म्हणून, आणि त्यासाठी पारशी दात्याने पैसे दिले. पण ही मागणी तिसऱ्या महिन्यात करायची असते. लेडी डॉक्टर कुठे आहे हे तेव्हा शोधायचं, कळांच्या वेळी दारात वाद घालायचा नाही. जीव धोक्यात असताना निषिद्ध गोष्टही मुभा होते, हा फिक्हचा नियम मदरशातल्या पोरालाही ठाऊक असतो. आणि लेडी डॉक्टर हव्या असतील तर बारावीनंतर मुलींची शाळा बंद करून त्या कुठून येणार? कुरआनात हजरत मरियमच्या प्रसूतीच्या कळांचं, तिच्या एकटेपणाचं वर्णन आहे. तो शब्द उच्चारायला ग्रंथाला लाज वाटली नाही. लाज आपल्याला वाटते, आणि तिची किंमत बाळंतीण मोजते.

शेवटचा आक्षेप असा, की वेदनेत तळमळणारी बाई निर्णय काय घेणार? तिला नऊ महिने काही सांगितलं नाही तर खरोखरच घेता येणार नाही. पण तिला आपले आकडे माहीत असतील, कारणं माहीत असतील, डॉक्टरशी आधी बोलणं झालेलं असेल, तर दोन वाक्यांत ती विचारू शकते की बाळाचे ठोके कसे आहेत आणि थांबलो तर धोका काय. त्याच्या उत्तरावर ती स्वतः हो किंवा नाही म्हणेल. तिच्याकडून गडबडीत चूक होईल अशी ज्यांना काळजी आहे, त्यांनी रात्रपाळीवरून फोनवर 'हां, करा' म्हणणाऱ्या नवऱ्याला किती माहिती असते, तेही सांगावं.

आपल्या जमातींकडे हॉल आहेत, मोहल्ल्यात महिलांचे इज्तिमे भरतात, शाळांमध्ये उर्दू-मराठी शिकलेल्या बाजी आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला वस्तीतल्या गरोदर बायकांना घेऊन एक बाजी कॅम्प ३ किंवा कॅम्प ४ ला जाऊ शकते. परत आल्यावर तासभर बसून प्रत्येकीची फाईल तिच्याचकडून वाचून घेऊ शकते. यासाठी कोणाच्या फतव्याची गरज नाही आणि सरकारच्या नव्या योजनेचीही नाही. सासवांनाही बरोबर न्यावं, म्हणजे घरी गेल्यावर वाद कमी होतील. मराठीत, उर्दूत, जशी जमेल तशी सही करायला त्या मुलींना तिथेच शिकवावं. कागद आला की तो आधी तिच्याकडे गेला पाहिजे.