दफ्तर आपले, किल्ली कोणाची?

२०२३ च्या अखेरीस धाराशिव जिल्ह्यातील तहसील कार्यालयांत जुन्या कागदांवरची धूळ झटकली जात होती. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यातील निजामकालीन दफ्तरे उघडली गेली. कुणबी नोंदींच्या शोधात मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या जाणकारांची मनधरणी झाली. येथे जे सापडले नाही, त्यासाठी हैदराबाद गाठावे लागले. जमीन येथली, कुळे येथली, घाम येथला. नोंद मात्र परक्या राजधानीत, परक्या लिपीत. निजामी राजवट १९४८ मध्ये संपली, पण पंच्याहत्तर वर्षांनी नातवाच्या दाखल्यासाठी तिच्याच दफ्तराचे दार ठोठवावे लागले.

ही आठवण ताजी असताना नव्या दफ्तराकडे पाहिले पाहिजे. नोंदी आता कपाटात नाहीत, ‘क्लाऊड’वर आहेत, असे कौतुकाने सांगितले जाते. क्लाऊड म्हणजे ढग. (ढगांच्या भरवशाचा अर्थ धाराशिवच्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.) वस्तुतः तेथे ढग वगैरे काही नसतो. असतात त्या कोणाच्या तरी मालकीच्या इमारती, कोणाची तरी यंत्रे आणि त्या मालकाला बांधणारा कोणत्या तरी देशाचा कायदा. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक क्लाऊड धोरण जाहीर केले. माहिती देशाच्या सीमेतच साठवावी, ही अट त्यात होती. अट योग्य होती, पण पुरेशी नव्हती. दोनच महिन्यांनी अमेरिकेने ‘क्लाऊड ॲक्ट’ संमत केला. त्यानुसार अमेरिकी कंपनीच्या ताब्यातील माहिती जगात कोठेही साठवलेली असो, तेथील यंत्रणा कायदेशीर आदेश काढून ती मागू शकतात. १० जून २०२५ रोजी फ्रेंच सिनेटच्या चौकशीत मायक्रोसॉफ्टच्या फ्रान्समधील अधिकाऱ्याने शपथेवर कबुली दिली की, फ्रेंच नागरिकांची माहिती फ्रान्सच्या संमतीवाचून अमेरिकी यंत्रणांकडे कधीच जाणार नाही, अशी हमी आपण देऊ शकत नाही. असे अद्याप घडलेले नाही, अशी पुस्तीही त्याने जोडली.

भारताला मात्र पुढच्याच महिन्यात प्रत्यक्ष अनुभव आला. गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जीवर, तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा वाटा असल्याने, युरोपीय संघाने निर्बंध लादले. हे निर्बंध भारताचे नव्हते, अमेरिकेचेही नव्हते. तरीही मायक्रोसॉफ्टने कंपनीच्या ई-मेलसह अनेक सेवा अचानक थांबवल्या. पैसे भरलेले, कर्मचारी भारतीय, कामकाज भारतात. तरी स्वतःचाच पत्रव्यवहार कुलूपबंद! कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाल्या. एवढा मोठा उद्योग न्यायालयात जाऊ शकतो. परांड्याची एखादी पतसंस्था काय करील?

कायदा आहे, असे उत्तर दिले जाईल. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही अधिसूचित झाले, दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. पतसंस्था, दवाखाने, शाळा यांना संमतिपत्रे घ्यावी लागतील, माहितीची गळती कळवावी लागेल. हे सारे आवश्यकच आहे. परंतु केंद्राने मनाई केलेले देश वगळता इतरत्र माहिती नेण्यास हाच कायदा सर्वसाधारणपणे मोकळीक देतो. म्हणजे संस्था नियमपालनात शंभर नंबरी ठरेल आणि तरीही तिच्या दफ्तराची किल्ली तिच्या हाती नसेल.

किल्ली नसणे म्हणजे काय, हे या जिल्ह्याने परदेशी सर्व्हरचा संबंध नसतानाही पाहिले आहे. २०२० च्या खरिपात अतिवृष्टीने सोयाबीन गेले. पीकविम्याची अट अशी की, नुकसानीची सूचना ७२ तासांत कंपनीला पोहोचली पाहिजे. शिवारात गुडघाभर पाणी असताना मोबाइलवरून अर्ज भरणे किती जणांना जमणार होते? शासनाने पंचनामे केले होते, नुकसान साऱ्या जिल्ह्याने डोळ्यांनी पाहिले होते. पण कंपनीच्या यंत्रात नोंद नाही म्हणून लाखो शेतकरी वगळले गेले. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. कंपनीच्या नोंदवहीबाहेर पंचनाम्यांचा सार्वजनिक पुरावा नसता, तर हे शेतकरी कशाच्या बळावर भांडले असते?

केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांची सुमारे १२ लाख ई-मेल खाती झोहो या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर नेली, हे स्वागतार्हच आहे. मात्र मालक स्वदेशी झाला की प्रश्न मिटला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. करारात काय लिहिले आहे, हे पाहावेच लागेल. माहिती ज्या सांकेतिक किल्लीने उघडते, ती कोणाजवळ आहे? सेवा थांबली तर माहिती किती दिवसांत आणि कोणत्या स्वरूपात परत मिळेल? आणि तिची रोजची एक प्रत आपल्याच यंत्रावर राहते का? हे विचारण्यासाठी संगणकतज्ज्ञ असावे लागत नाही. उमरगा, कळंब, तुळजापूर येथील पतसंस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. लाभांशाचा विषय निघण्याआधी एखाद्या सभासदाने उठून एवढे विचारावे आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.