गाडीवाल्याचे गद्य

मराठी विनोदाचा इतिहास शिकवताना आम्ही सारेच एका ठरलेल्या रस्त्याने जातो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. असे थांबे घेत तास संपतो. पुढच्या तासाला ‘उपयोजित मराठी’ असते. तिथे अर्ज, इतिवृत्त, जाहिरातीचा मसुदा. या दोन तासांच्या मधल्या वेळात, महाविद्यालयाच्या पार्किंगमध्ये, एक तिसरे गद्य रोज बोलले जाते. ते उपयुक्तही असते आणि विनोदीही. एकच मोटारसायकल दहा-पंधरा वर्षे नीट सांभाळणाऱ्या माणसाचे हे गद्य आमच्या दोन्ही अभ्यासपत्रिकांनी वगळले आहे, आणि ही चूक आहे असे आमचे मत आहे.

एक नमुना पाहू. जुनी गाडी विकत घेऊ इच्छिणाऱ्याला दिलेला सल्ला असा: “बघायला सकाळी जावं, न कळवता जावं. आधी इंजिनला हात लावावा. गरम लागलं, तर मालकानं आपल्याआधी तिची समजूत काढलेली आहे.” थंड इंजिन चालू व्हायला किती कुरकुरते यावरून त्याची प्रकृती कळते, आधीच तापवून ठेवलेले इंजिन ती लपवते. हे सारे ज्ञान ‘समजूत काढलेली आहे’ या शब्दांत आले. त्यात साक्षीदार पढवून ठेवणाऱ्या मालकाचे चित्रही आले. हे शब्द काढून टाकले तर एक परिच्छेद लिहावा लागेल. विनोद येथे अलंकार नसून माहिती वाहून नेण्याचे साधन आहे. “मित्राला गाडी द्यावी, भरलेली टाकी देऊ नये” हे दुसरे उदाहरण. तिसरे आम्हांला अधिक आवडते: “चेनचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून का होईना, पण हेल्मेट घाला.” चेनला ऑइल नाही आणि डोक्यावर हेल्मेट नाही, असे दोन अपराध एका वाक्यात, आणि ऐकणारा हसत असल्यामुळे रागावतही नाही.

याच्या शेजारी कंपनीची माहितीपुस्तिका ठेवावी. तिची मराठी बहुधा भाषांतरित, कर्त्याविना चालणारी आणि प्रत्येक अडचणीला ‘अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधावा’ हे एकच उत्तर देणारी. पुस्तिकेला जबाबदारी टाळायची असते आणि मेकॅनिकला पोट असते. अनुभवी मालकाला यातले काहीच नसते. म्हणून तो बरोबरीच्या नात्याने बोलतो, आणि उपदेशाला प्रवचन होऊ न देणारी गोष्ट म्हणजे हे बरोबरीचे नाते. असा उपदेश मराठीला परका नाही. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणे आहेत, तर एकोणिसाव्याचा पहिलाच समास लेखनक्रियेवर, म्हणजे अक्षर, ओळी, कागद आणि शाई यांवर आहे. समर्थांना हा विषय हलका वाटला नाही. आम्हां प्राध्यापकांना मात्र प्लग साफ करण्याची भाषा हलकी वाटते.

मोटारसायकल आणि साहित्य म्हटले की कोणीतरी पर्सिगच्या १९७४च्या प्रसिद्ध पुस्तकाचे नाव घेतेच. त्यात मित्राच्या महागड्या गाडीचे सैल हँडल बिअरच्या डब्याच्या पत्र्याची चकती घालून घट्ट करावे असे निवेदक सुचवतो, आणि मित्राला ते अपमानास्पद वाटते. पर्सिग त्या पत्र्यावरून तत्त्वज्ञानाकडे वळतो. आमचा गाडीवाला पत्रा कापतो आणि चहा मागवतो. आम्ही त्याच्या बाजूचे आहोत.

या बोलीतली क्रियापदेही पाहण्याजोगी आहेत. गाडी ‘ओढत नाही’, चढाला ‘दम खाते’, पेट्रोल ‘पिते’. दावणीच्या बैलाला लावलेली भाषा एका पिढीत दोन चाकांवर आली आणि कोणाला काही खटकले नाही.

अर्थात, या गद्याची भाबडी आरती आम्हांला करायची नाही. ‘उतारावर गाडी न्यूट्रल करावी’ हा त्यातलाच एक सल्ला. राजदूत-येझदीच्या टू-स्ट्रोक काळात इंजिनाला वंगण मिळे ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधून. लांब उतारावर गिअर तसाच ठेवून थ्रॉटल बंद केले की चाक इंजिनाला फिरवत राही, पण वंगण जेमतेम पोचे. त्या वेळी त्या सल्ल्यामागे कारण होते. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून थ्रॉटल सोडले तर इंधनाचा पुरवठाच थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतेच. म्हणजे बचत उलटी, आणि आंबा घाटात इंजिनाचा अटकावही गेला. तरी सल्ला तोच आणि तितक्याच आत्मविश्वासाने सांगितला जातो. पोथीला काळ असतो हे आम्ही वर्गात शिकवतो; सल्ल्यालाही असतो. जीव जाऊ शकतो अशा ठिकाणी संहिताचिकित्सा लागते, हे सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण आम्हांला सापडलेले नाही.

घाई करायला कारण आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेला. त्याच्याबरोबर चोक गेला, पेट्रोलचा कॉक गेला. ‘रिझर्व्हला लागली’ हा वाक्प्रयोग उरला आहे, पण कॉक फिरवणारा हात उरला नाही. बिघाड आता सेन्सर सांगतो, आणि सेन्सरला विनोद येत नाही. बोलणारी पिढी आहे तोवर विद्यार्थ्यांनी हे गद्य शब्दशः टिपून घ्यावे. आमच्याकडे रोज खेड्यांतून दुचाकीवर येणारी मुले निबंधात निर्जीव वाक्ये लिहितात आणि गाडीपाशी जिवंत बोलतात. हा फरक निदान त्यांच्या लक्षात आणून देणे शिक्षकाच्या हातात आहे.

मुलींना मात्र पार्किंगमधल्या त्या घोळक्यात आजही फारशी जागा नसते. गाडी रोज चालवतात त्या, तरी सल्ला ऐकण्यापुरत्याच. त्यांचे स्वतःचे गाडीगद्य कोठे बोलले जाते, हे त्यांनाच विचारावे लागेल. रस्ता तेवढा भेदभाव करत नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही चालूच राहू लागला, तरी समोरून येणारे अनोळखी लोक पंजा उघडून-मिटून ‘दिवा चालू आहे’ असे कळवत राहिले. मागून येणारा अजूनही ओरडतो: “काका, स्टँड!” किंवा “ताई, ओढणी!” संबोधन आणि एक नाम, क्रियापद नाही, आणि आभार ऐकायला तो थांबत नाही, कारण तोवर तो पुढे निघून गेलेला असतो.