तणनाशकाच्या शिफारशीत शाळवाचाही विचार व्हावा

मा. कुलगुरू,
महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी



मी कागल तालुक्यातला शेतकरी. आमच्याकडे मृगाच्या पावसावर भुईमूग पेरतात आणि पुढचा दीड महिना तणाशी झुंज चालते. केना, माठ, हराळी, लव्हाळा त्याच मुदतीत आवरावे लागतात. एकदा आऱ्या जमिनीत शिरल्या की कोळपे घालता येत नाही. भांगलणीला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. त्यामुळे फवारणी वाढली, आणि ती वाढणारच. माझे मागणे असे, की भुईमुगाला तणनाशक सुचवताना त्या रानात पुढे काय पेरायचे आहे आणि बांधापलीकडे काय उभे आहे, हेही आपल्या विद्यापीठाने सांगावे.

पेरणीनंतर उगवणीपूर्वी मारायच्या पेंडीमिथॅलीनची माहिती बऱ्यापैकी पोचली आहे. ते मातीच्या वरच्या थरात राहते, गवताचे कोंब तिथेच खुंटतात, खोल पडलेले भुईमुगाचे बी वाचते. रानात ओल नसेल तर मात्र ते वाया जाते, आणि लव्हाळ्याच्या गाठींना लागूच पडत नाही. मग वीसेक दिवसांनी इमॅझेथापायरची बाटली येते. पीक थोडे पिवळे पडून सावरते, तण बसते, शेतकरी खूश होतो.

खरी अडचण रब्बीत दिसते. हे औषध मातीत मागे उरते, आणि ज्वारी, मका, मोहरी यांना ते सोसत नाही. मातीतले जिवाणू त्याचे विघटन करतात. पाऊस ओढला की त्यांचे काम मंदावते. माझ्या शेतात फवाऱ्याचे पट्टे जिथे एकमेकांवर चढले होते, नेमका तिथेच शाळू वीतभर वाढून थांबला. ताटे उपटून पाहिली तर पाने जांभळट, मुळ्या आखूड आणि झुपकेदार. औषध भुईमुगाचेच होते, मात्राही बरोबर होती. शाळवाबद्दल मला कोणी बोलले नव्हते, आणि बाटलीसोबतच्या पत्रकातले अक्षर भिंगाशिवाय वाचता येत नाही. सोयाबीनलाही हेच औषध चालते, त्यामुळे एकाच रानात ते दरवर्षी पडते. त्याला दाद न देणारे तण अशानेच पोसले जाते.

दुसरे दुखणे उसाचे. आमची राने चिंचोळी, भुईमुगाच्या बांधाला आडसाली लागण. तिथे वाऱ्यात टू-फोर-डी मारले की तुषार इकडे येतात. भुईमुगाचे शेंडे पिळवटतात, पाने अरुंद होऊन मुडपतात, आऱ्या नीट सुटत नाहीत. सुरू उसात भुईमुगाचे आंतरपीक घेणाऱ्याला तर उसाची नेहमीची औषधे वापरताच येत नाहीत. त्यांतले ॲट्राझीनही भुईमुगाला मारक आहे.

तिसरी गोष्ट वैरणीची. भांगललेले तण म्हशीला वैरण म्हणून जाते आणि बायका त्यातूनच तांदुळजा, घोळ निवडून भाजीला नेतात. फवारलेल्या रानातले तण किती दिवस गोठ्यात आणू नये, हे त्या बायकांपर्यंत पोचवायचे कोणी?

शेंडा पार्कातल्या आपल्या संशोधन केंद्रात येत्या खरिपात भुईमुगाचा एक प्लॉट शाळवाच्या या प्रश्नासाठी द्या. अर्ध्यात इमॅझेथापायर मारा, अर्धा भांगलून ठेवा, आणि काढणीनंतर सगळ्यावर शाळू पेरा. डिसेंबरात आम्हाला बोलवा. जे दिसेल ते पुढच्या कृषिदर्शनीत, भुईमुगाच्याच पानावर, ठळक अक्षरात छापा.

आपला,
कागल तालुक्यातील एक भुईमूग उत्पादक