नैराश्य निकालाची वाट पाहत नाही

दहिसरच्या केतकीपाड्यातून एक आई आपल्या सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्या ओपीडीत आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तक्रार डोकेदुखीची होती. जेवत नाही, सारखा चिडतो, रात्रभर मोबाइल आणि सकाळी उठायचं नाव नाही, हेही तिने सांगितले. मी तपासले, रक्त तपासायला पाठवले. हिमोग्लोबिन थोडे कमी निघाले, म्हणून लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. दाराबाहेर रांग होती. पुढच्या दोन महिन्यांत तो आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा दुसरे डॉक्टर होते आणि केसपेपरवर त्यांनी आपापल्या गोळ्या वाढवल्या. चौथ्या खेपेला तो पुन्हा माझ्यासमोर बसला. या वेळी आईला बाहेर थांबायला सांगून मी विचारले, ‘मनातून बरं वाटत नाहीये का रे?’ तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘दिवाळीपासून.’ तेव्हा फेब्रुवारी सुरू झाला होता आणि बारावीची परीक्षा तोंडावर आली होती.

हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता. तीस सेकंद लागले असते.

चूक फक्त घाईची नव्हती. नैराश्य म्हणजे रडवेला चेहरा, हे चित्र आम्हा डॉक्टरांच्याही डोक्यात पक्के बसलेले असते. किशोरवयात ते अनेकदा तसे दिसत नाही. या वयात उदासीऐवजी चिडचिड हेच मुख्य लक्षण असू शकते, असे निदानाचे निकषच सांगतात. शिवाय डोके किंवा पोट दुखणे, थकवा, झोपेचे चक्र उलटेपालटे होणे, आवडीचे क्रिकेट किंवा मित्र सुटणे. मोबाइलचे म्हणाल, तर घरचे त्याला कारण मानतात. पण झोपच लागत नाही म्हणून हातात मोबाइल येतो, असेही मला पुष्कळदा आढळले आहे. या वयात रुसवेफुगवे चालायचेच. मात्र बदल दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज टिकला आणि अभ्यास, जेवण, झोप, मैत्री यांत अडथळा येऊ लागला, तर तो ‘वयाचा दोष’ समजू नये.

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. ग्रामीण भागात हे प्रमाण ६.९ टक्के होते, तर महानगरांत १३.५. पाहणी झालेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण मुंबईचे चित्र याहून बरे असेल असे मानायला मला तरी आधार दिसत नाही.

आपल्या राज्याने याआधी काय केले, ते आठवून पाहावे. जानेवारी २०१० मध्ये मुंबईत आणि राज्यात इतरत्र एकामागोमाग विद्यार्थ्यांच्या आत्महत्या झाल्या आणि सगळे हादरले. त्याच वर्षी दहावीला ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आले. ते उच्च न्यायालयात रद्द झाले आणि सर्वोच्च न्यायालयात टिकले. नंतर जुलैची फेरपरीक्षा सुरू झाली. गुणपत्रिकेवरचा ‘नापास’ शिक्काही गेला. हे निर्णय चांगलेच होते, माझ्या काही रुग्णांना त्यांचा थेट उपयोग झाला आहे. पण सगळा रोख गुणांवर आणि निकालाच्या दिवसावर राहिला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. आत्महत्येमागे कधीच एक कारण नसते आणि प्रत्येक वेळी आजारच असतो असेही नाही. पण जिथे नैराश्य असते, तिथे ते बहुधा निकालाच्या कित्येक महिने आधी सुरू झालेले असते. एकाग्रता गेल्यामुळे गुण घसरतात. घर मात्र उलट समजते, की गुण कमी पडले म्हणून पोरगा खचला.

म्हणून जुलै २०२५ मधले सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश मला महत्त्वाचे वाटतात. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून घ्यावे. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत. मदतीचे क्रमांक वर्गात, वसतिगृहात ठळक लावावेत. कोचिंग क्लासही यात आले. दहिसर-बोरिवलीत गल्लोगल्ली क्लास आहेत. त्यांच्या दारावर टॉपर मुलांचे फोटो असतात, पण मदतीचा क्रमांक अजून मला तरी दिसलेला नाही.

मला काळजी आहे ती पुढच्या टप्प्याची. समुपदेशक बोलून आधार देईल, सौम्य त्रास हलका करेल. पण ज्या मुलाला औषधांची गरज आहे, त्याला पाठवायचे कुठे? दहिसरहून केईएम किंवा नायर गाठायचे तर पालकांचा एक खाडा पडतो, आणि उपचारात अशा फेऱ्या अनेक होतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर ‘आता बराय’ म्हणून येणे बंद होते. शाळेच्या समुपदेशकाकडे जवळच्या सरकारी किंवा महापालिका रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीचा वार आणि डॉक्टरांचे नाव लिहिलेले असले पाहिजे. त्याशिवाय हे पद कागदावरच राहील.

उपचाराबद्दल थोडे. मध्यम आणि तीव्र नैराश्यात समुपदेशनाबरोबर औषधे लागू शकतात. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. बरे वाटल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागतात, मनाने बंद करायची नाहीत. पंचविशीच्या आतल्या काही रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. त्यामुळे या काळात भेटी लवकर लवकर ठेवतात आणि घरच्यांनीही लक्ष ठेवायचे असते. त्या भीतीने औषधच टाळणे मात्र अधिक धोक्याचे.

पालक विचारतात, ‘जगू नये असं वाटतं का, असं विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं येईल ना?’ येत नाही. उलट कुणी विचारल्याने मुलांना सुटल्यासारखे वाटते, असाच माझा अनुभव आहे. शांतपणे, एकट्याला गाठून विचारा. उत्तर ‘हो’ आले, तर रागावू नका, शपथा घालू नका. त्याला एकटे सोडू नका, घरातला गोळ्यांचा साठा कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येते.

माझा तो रुग्ण मार्चमध्ये दोनच पेपर देऊ शकला. वडिलांना ते पचायला वेळ लागला. राहिलेले विषय त्याने जुलैत दिले. औषधे अजून चालू आहेत, चिडचिड कमी आहे, रविवारी मैदानावर जातो. लोहाच्या गोळ्याही चालू ठेवल्या आहेत. हिमोग्लोबिन खरोखरच कमी होते.