सिस्टरला ‘थांबा’ म्हणण्याचा हक्क द्या!

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात बडे डॉक्टर हात न धुता रुग्णाच्या जखमेचे ड्रेसिंग उघडू लागले, तर शेजारी उभी असलेली सिस्टर त्यांना ‘थांबा’ म्हणू शकते का? हा रोकडा सवाल आम्ही देशाच्या आरोग्यमंत्र्यांना करतो आहोत, आणि त्याचे उत्तर आम्हांला ठाऊक आहे. ती म्हणू शकत नाही. चूक तिला दिसते, चुकीचा परिणाम तिला कळतो, तापाने फणफणलेला तो रुग्ण रात्रभर तिलाच सांभाळायचा असतो. तरी तिने तोंड उघडायचे नाही, अशी आपल्या रुग्णालयांची रीत आहे. ही रीत माणसे मारते. ती मोडलीच पाहिजे!

हे आम्ही सरोजिनी नगरात बसून लिहितो आहोत. इथून सफदरजंग रुग्णालय हाकेच्या अंतरावर, आणि त्याच्या समोर एम्स. १९४२ साली महायुद्धाच्या धामधुमीत उभे राहिलेले सफदरजंग आज दीड हजारांहून अधिक खाटांचे आहे. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले नातेवाईक या दोन रुग्णालयांच्या बाहेर फुटपाथवर पथारी टाकून राहतात. दिल्लीतल्या मराठी घरांतले दुखणेही याच दारांत येते. संध्याकाळी मोठे डॉक्टर राउंड आटोपून गेले की सकाळपर्यंत रुग्णाचा श्वास, नाडी, सलाईन, कॅथेटर, लघवीचे माप हे सारे कोणाच्या नजरेखाली असते? सिस्टरच्या! चार वर्षे घासून बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या या बाईला आपण चादरी मोजायला, रजिस्टरे भरायला आणि औषधांच्या इंडेंटवर सह्या गोळा करायला बसवतो. याच दिल्लीत १९४६ पासून नर्सिंगचे कॉलेज आहे. पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचे नाव त्याला दिलेले आहे. नाव दिले, मान दिला, हक्क मात्र दिला नाही.

आणि हा हक्क दिला की काय घडते, ते जगाने पाहिले आहे. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत एक साधी यादी लावली गेली. मोठ्या शिरेत नळी घालण्यापूर्वी हात धुवा, त्वचा जंतुनाशकाने पुसा, रुग्णाला पूर्ण झाका, नळीची गरज संपताच ती काढा. यात नवे ज्ञान कोणतेच नव्हते. नवे होते ते एवढेच, की डॉक्टरने यातली एक पायरी जरी गाळली तरी नर्सने काम थांबवायचे आणि प्रशासनाने तिच्या पाठीशी उभे राहायचे. नळीतून रक्तात पसरणारे संसर्ग ६६ टक्क्यांनी उतरले. २००६ साली ही माहिती वैद्यकीय जगासमोर आली. ‘याने डॉक्टरांचा अधिकार जाईल’ अशी कुरकुर करणाऱ्यांनी सांगावे, मिशिगनच्या डॉक्टरांचे काय गेले?

बोलायला हक्क हवा, तसे हातही हवेत. युरोपातल्या नऊ देशांची रुग्णालये तपासून २०१४ साली संशोधकांनी दाखवले, की एका नर्सवर एक रुग्ण जास्त पडला तर शस्त्रक्रियेच्या रुग्णाला दाखल झाल्यापासून तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. आपल्याकडे अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स हा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे. वाचकांनी जवळच्या सरकारी रुग्णालयात रात्रपाळीला जावे आणि स्वतः मोजावे.

मराठी समाजाला तरी हे नव्याने शिकवायला नको. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले आणि विधवांना नर्सिंगसाठी ससून रुग्णालयात पाठवले, तेव्हा सनातन्यांनी किती आकांडतांडव केले! २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले, तेव्हा तिथल्या परिचारिका अंजली कुलथे यांनी कोणत्या साहेबाची परवानगी मागितली होती? त्यांनी दारे लावली, वीस गर्भवतींना आतल्या पँट्रीत हलवले आणि पुढे कोर्टात त्या दहशतवाद्यांपैकी कसाबला ओळखले.

आणि अरुणा शानबाग! २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात या परिचारिकेवर पाशवी हल्ला झाला आणि त्यानंतर ती कधीच पूर्ण शुद्धीवर आली नाही. तिची खाट मोकळी करून घेण्यासाठी महापालिकेने तिला बाहेर हलवायचा घाट घातला, तेव्हा केईएमच्या परिचारिका आंदोलनाला उभ्या राहिल्या आणि महापालिकेला माघार घ्यावी लागली. पुढे तिचे अन्न थांबवावे अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. ७ मार्च २०११ ला न्यायालयाने ती फेटाळली आणि म्हटले, की अरुणाच्या वतीने बोलण्याचा हक्क तिला इतकी वर्षे सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे. १८ मे २०१५ पर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्यांनी तिला जपले. जगणे-मरणे ठरवताना देशाचे सर्वोच्च न्यायालय ज्यांचा शब्द मानते, त्यांच्या शब्दावर वॉर्डात हातमोजे बदलले जात नाहीत, ही लाजिरवाणी गोष्ट आहे!

खासगी रुग्णालयांचे तर नावच नको. तिथे बॉण्ड लिहून घेतात, मूळ प्रमाणपत्रे अडकवतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१६ साली नेमलेल्या समितीने लहानात लहान रुग्णालयातही नर्सला किमान वीस हजार रुपये पगार सुचवला. दिल्ली सरकारने २०१८ साली त्यावर आदेश काढला, मालक मंडळी उच्च न्यायालयात गेली आणि २०१९ मध्ये हरली. पगाराच्या भीतीने मान खाली घालणारी मुलगी डॉक्टरला कशी रोखील?

२०२३ साली संसदेने नर्सिंग आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला व १९४७ चा नर्सिंग कौन्सिलचा कायदा बाद केला. शिक्षणाची आणि नोंदणीची घडी त्याने बसेल, बसावी. पण वॉर्डातला हक्क रुग्णालयालाच द्यावा लागेल, आणि सफदरजंग तर थेट केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या हाताखाली आहे. तिथे राज्याकडे बोट दाखवायची सोय नाही. संसर्गाचा धोका दिसला, चुकीचा डोस दिसला, की सिस्टरने काम थांबवावे. थांबवल्याबद्दल तिला मेमो नाही, बदली नाही. औषधखरेदीपासून खाटांच्या नियोजनापर्यंत प्रत्येक समितीत नर्सिंग अधीक्षक मतासह बसाव्यात. चादरी मोजायला कारकून नेमावेत. असा आदेश काढायला नवा कायदा लागत नाही, मंत्रालयाची एक सही लागते. ती सही याच महिन्यात झाली पाहिजे, आणि आदेशाची हिंदी-इंग्रजी प्रत प्रत्येक वॉर्डात डॉक्टरांच्या हात धुण्याच्या बेसिनवर लागली पाहिजे!