बाबासाहेबांनी लढवलेला हा खटला आपण विसरलो का?

१४ एप्रिलला जालन्यात मस्तगडच्या पुतळ्यासमोर आपण समतेच्या घोषणा देतो. त्याच गर्दीत कुणी जरा वेगळं चाललं-बोललं की 'बायल्या', 'छक्का' म्हणून हसणारेही आपलेच असतात. ही कुठली समता?

१९३४ साल आठवा. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. गुन्हा काय? वाचकांनी हस्तमैथुन, समलैंगिकता यांबद्दल विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं दिली! मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांच्या बाजूने कोण उभं राहिलं? बॅरिस्टर आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही, ही त्यांची भूमिका. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण बाबासाहेबांना ज्या विषयाची लाज वाटली नाही, त्याची आपल्याला का वाटावी?

आधी समजून घेऊ. आपली ओढ कुणाकडे, तो लैंगिक कल. भिन्न लिंगाकडे असेल तर भिन्नलैंगिक, समान लिंगाकडे असेल तर समलैंगिक, दोन्हींकडे असेल तर द्विलैंगिक. लैंगिक ओढ वाटतच नाही ते अलैंगिक. तृतीयपंथी असणं ही वेगळी गोष्ट. ती स्वतःच्या लिंगाची ओळख आहे, कल नव्हे. यातला एकही आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली.

काही म्हणतात, हे पाश्चात्त्य फॅड. उलट आहे! समलैंगिकांना गुन्हेगार ठरवणारं कलम ३७७ इंग्रजांच्या १८६०च्या दंड संहितेतलं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीचे संबंध त्यातून मुक्त केले. आधार होता संविधानिक नैतिकतेचा, जी बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडली.

काही म्हणतात, आधी जात, मग हे. पण जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच दाखवलं. कुणी कुणावर प्रेम करायचं यावर पहारा ठेवणारी व्यवस्था एकच आहे. वस्तीतला समलैंगिक पोरगा बाहेर जातीचा मार खातो आणि घरात कलाचा. 'लग्न झालं की सुधारेल' म्हणून त्याला बोहल्यावर चढवतात, तेव्हा जन्मभर भोगणारी दुसरी लेकही आपल्याच वस्तीतली असते.

म्हणून आम्ही म्हणतो, येत्या जयंतीच्या व्याख्यानमालेत एक व्याख्यान या विषयावर ठेवा. आणि आपल्यातला कुणी धीर करून बोललाच, तर त्याला घराबाहेर काढू नका, आपल्या शेजारी बसवा.

जयभीम!