चातुर्मासाचा एक नियम मनासाठी

आज आषाढी एकादशी. देव शयन करतात आणि भक्तांचे जागरण सुरू होते, असा हा विलक्षण दिवस. आजपासून कार्तिकातील प्रबोधिनी एकादशीपर्यंत चातुर्मास. घरोघरी आज नियम धरले जातील. कोणी कांदा-लसूण वर्ज्य करील, कोणी वांगे सोडील, कोणी एकभुक्त राहील, कोणी पोथीचा नित्य एक अध्याय वाचील. हे सर्व नियम इष्टच आहेत; जिभेला लगाम घालणे हे काही लहान काम नव्हे. परंतु कीर्तनाच्या निमित्ताने अनेक कुटुंबांच्या सुखदुःखांशी जो परिचय झाला, त्यावरून आम्हांस असे वाटू लागले आहे की, पानात काय वाढले आहे याची आपण जितकी चौकशी करतो, तितकी मनात काय शिजत आहे याची करीत नाही. म्हणून यंदा इतर नियमांच्या जोडीला एक नियम मनासाठीही धरावा, अशी आमची वाचकांना विनंती आहे.

नियम सोपा आहे. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावून झाला की पाव घटका, म्हणजे अवघी सहा मिनिटे, स्वस्थ बसावे आणि दिवसभराचे आपले मन आपणच पाहावे. पतंजलिमुनींनी योगसूत्रांत चित्त प्रसन्न राहण्यासाठी चार भावना सांगितल्या आहेत : सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखिताविषयी करुणा, पुण्यवंताविषयी आनंद आणि पाप्याविषयी उपेक्षा. या चारांचे चार प्रश्न करावेत. आज कोणाचे सुख पाहून आपण खट्टू झालो? कोणाचे दुःख पाहूनही पुढे निघून गेलो? कोणाच्या सत्कृत्याला नावे ठेवली? कोणाचा अपराध दिवसभर मनात घोळवीत बसलो? उत्तर कोणाला सांगावयाचे नाही. ते खरे असले म्हणजे पुरे.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. मन पाहणे निराळे आणि मनाला झोडपणे निराळे. हा भेद आम्हांला एका प्रसंगाने शिकविला. तो सांगताना आम्हांस संकोच वाटतो. पण त्यात आमचीच चूक असल्यामुळे तो सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

काही वर्षांपूर्वी कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध दांपत्य आपल्या सुनेला घेऊन आमच्याकडे आले. मुलगी नुकतीच बाळंत झालेली. तिला झोप येत नव्हती, कारण नसता रडू येई, बाळाला जवळ घेण्याचीही इच्छा होत नसे. सासूबाई म्हणाल्या, "बुवा, हिला चार शब्द सांगा." आम्ही सांगितले. रोज एक माळ जप कर, मन आपोआप शांत होईल, देवाने दिलेल्या दानाचा असा अनादर करू नये, असेही म्हणालो. मुलीने खाली मान घालून नमस्कार केला आणि ती गेली.

तीन-चार महिन्यांनी तिचे सासरे एकटेच आले. मुलीची प्रकृती फार बिघडली, तेव्हा एका डॉक्टरांनी हा बाळंतपणानंतर होणारा मनाचा आजार आहे हे ओळखले आणि उपचार केले. आता ती बरी आहे, असे त्यांनी सांगितले. आम्ही देवाचे आभार मानले. तेव्हा ते हळूच म्हणाले, "बुवा, राग मानू नका. पण ती म्हणत होती, जपाला बसले की मन लागत नसे आणि आपण देवालाही नकोशा झालो, असे वाटे." आमच्या शब्दांनी त्या मुलीच्या दुःखावर अपराधाचे ओझे वाढविले होते. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

मग आम्ही तेच जुने ग्रंथ पुन्हा उघडले. योगमार्गातील नऊ अंतराय सांगताना पतंजलींनी पहिला क्रमांक व्याधीला दिला आहे. चित्तविक्षेपाबरोबर येणाऱ्या गोष्टींत ते दौर्मनस्य, म्हणजे मनाचा खिन्नपणा, सांगतात. अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वासही सांगतात. चरकसंहितेत औषध तीन प्रकारचे मानले आहे. दैवव्यपाश्रय म्हणजे मंत्र, जप, दान; युक्तिव्यपाश्रय म्हणजे योजनापूर्वक दिलेले औषध व आहार; आणि सत्त्वावजय म्हणजे अहितकर विषयांपासून मनाला आवरणे. देव आणि वैद्य यांचे भांडण ऋषींनी लावलेलेच नाही. ते आम्ही लावले. तिपाईचे दोन पाय काढून घेतले आणि त्या मुलीला म्हणालो, आता हिच्यावर स्थिर बस!

गीतेकडे पाहावे. पहिल्या अध्यायात सत्तेचाळीस श्लोक आहेत, आणि त्यात भगवंतांच्या तोंडी एकच लहानसे वाक्य आहे. अर्जुनाचे तोंड कोरडे पडते, अंग कापते, धनुष्य हातातून गळते. तो बोलत राहतो आणि भगवान ऐकत राहतात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते त्याला खडसावतातही. परंतु त्या खडसावण्याने अर्जुन उठत नाही. तो आपला गोंधळ पुन्हा सांगतो, शिष्य होऊन शरण येतो, आणि तेव्हा कोठे उपदेशाला प्रारंभ होतो. अठराव्या अध्यायाच्या शेवटी भगवान त्यालाच विचारतात की, तुझा मोह गेला का? आधी ऐकणे आणि शेवटी विचारणे, या दोहोंच्या मध्ये गीता आहे. आम्ही मात्र त्या मुलीचे ऐकलेही नाही आणि तिला काही विचारलेही नाही.

वारीचेच उदाहरण घ्या. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालताना वारकऱ्याच्या पायाला फोड येतात. दिंडीतील कोणी त्याला म्हणते का, की माउली, तुमचे नाम कमी पडले म्हणून फोड आला? कोणी तेल लावते, कोणी मलमपट्टी करून देते, आणि तो पुन्हा टाळ घेऊन चालू लागतो. मग मनाला फोड आला असता आपण माणसाच्या श्रद्धेवर बोट का ठेवावे? घरातील ही गोष्ट शेजारी कळू नये म्हणून दारे-खिडक्या का लावून घ्याव्यात?

म्हणून सायंकाळच्या त्या पाव घटकेत एक प्रश्न अधिक असावा : माझ्या घरात कोणी आतल्या आत कण्हत तर नाही? दुःख सर्वांनाच होते आणि बहुधा काळाबरोबर ओसरते. परंतु दोन आठवडे झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, आवडत्या कामातही मन लागेना, जगणे नकोसे वाटू लागले, तर तो केवळ चिंतनाचा विषय राहत नाही. तेथे डॉक्टर हवा. आणि जगणे नको असे बोलणे कानी आले, तर दोन आठवड्यांची वाट पाहू नये, त्या माणसाला एकटेही सोडू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शासकीय सेवेतून असे उपचार मिळविण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही आहे. तिचा क्रमांक १४४१६. पंचांगाशेजारी भिंतीवर तो लिहून ठेवण्यात कसलाही कमीपणा नाही.

जपाची माळ खाली ठेवा, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ज्याला जमते त्याने ती अखंड ओढावी. ज्याला आज जमत नाही, त्याच्या वाटणीची माळ घरातील दुसऱ्याने ओढावी, आणि त्याचा हात धरून त्याला डॉक्टरांकडे न्यावे. ही सेवाही विठ्ठलचरणी रुजू होते, अशी आमची श्रद्धा आहे. देव चार महिने निद्रिस्त असले, तरी घरातील माणसांनी एकमेकांसाठी जागे राहावे, एवढाच यंदाच्या चातुर्मासाचा संकल्प. रामकृष्णहरी.